सायू, फार्माकोलॉजी सोडू नकोस

सायू बेटा,

काल फोनवर तू म्हणालीस ना, पप्पा मला कुठे काउंटरवर बसायचंय, फार्माकोलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं तो विषय, पास होण्यापुरता केला तरी बास, पुढे एमबीएच कामाला येणार. तेव्हा मी काही बोललो नाही कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं, पण रात्री मेडिकलचं शटर ओढून घरी आलो तरी तेच डोक्यात फिरत होतं. म्हणून लिहायला बसलो. फोनवर मला नीट सांगता येत नाही, तुला माहितीये.

तू शिरपूरला एनएमआयएमएस कॉलेजात बी.फार्म आणि एमबीए एकत्र करायचं म्हणालीस तेव्हा आधी माझा विरोधच होता. फी बघून पोटात गोळा आला होता. मग तूच हिशोब मांडलास की वेगवेगळं केलं तर चार आणि दोन अशी सहा वर्षं, इथे पाचात दोन्ही होतं, आणि चोपड्याहून तासा-दीड तासाचा रस्ता. ते पटलं. पण खरं कारण वेगळंच होतं, ते तुला कधी सांगितलं नाही.

तू पाचवीत असताना मी खोकल्याच्या सिरपची स्कीम घेतली होती, दहावर तीन फ्री. मला वाटलं काय स्वस्त मिळालं! त्या वर्षी थंडी नावालाच पडली, माल पडून राहिला, एक्स्पायरी झाली आणि आपल्याला घाऊक माल देणारा स्टॉकिस्ट म्हणाला स्कीमचा माल परत घेत नाही. खोकी मागच्या खोलीत रचलेली बघून तुझी आई काहीच बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी डी.फार्म झालेला माणूस, कुठल्या सिरपमध्ये काय आहे ते झोपेतून उठवलं तरी सांगेन, पण आपल्याकडे महिन्याला किती बाटल्या जातात हे कागदावर कधी मांडलंच नव्हतं. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर रिटेलरला मार्जिन 16 टक्के धरलेलं असतं, त्यातच भाडं, लाईट बिल, दुकानातल्या पोरांचा पगार आणि ही असली एक्स्पायरी. हे मला कोणी शिकवलं नाही गं. तुला शिकवतायत, म्हणून मी लोनच्या कागदावर सही केली.

पण आता दुसरी बाजू ऐक.

मागच्या मे महिन्यात इन्सुलिनची डिलिव्हरी आली. भर दुपारी, पोरगा बाईकवरून घेऊन आला, थर्माकोलच्या डब्यातला आइस पॅक पार वितळून कोमट झालेला. मी माल घेतला नाही. स्टॉकिस्टकडच्या मॅनेजरचा फोन आला, चांगला शिकलेला माणूस, म्हणे शेठ, सील शाबूत आहे, बिल बरोबर आहे, मग अडचण काय? त्याला खरंच कळत नव्हतं की इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं आणि उन्हात गेलं की बाटली दिसायला तशीच राहते पण आतली ताकद जाते, आणि गोठलं तरी वायाच जातं. मग घरी पेशंट डोस घेतोय आणि साखर काही उतरत नाही. त्या माणसाला गोडाऊन, गाड्या, उधारी सगळं येत होतं, पण डब्यात काय आहे ते माहीत नव्हतं. उद्या त्याच्या खुर्चीत तू बसशील, सायू. तेव्हा गाडी दुपारी पाठवायची की पहाटे, हे तुला एमबीए नाही, फार्मसीच सांगेल.

आणि एक बघ. आपल्याकडे ती अडावदची आजी येते, बीपीवाली, दर वेळी म्हणते "भाऊ, चारच गोया दे". पट्टी कापताना मी कायम बॅच नंबर आणि एक्स्पायरी नसलेल्या बाजूने कापतो, म्हणजे उरलेल्या पट्टीवर तारीख राहते, आणि आजीच्या पाकिटावर ती तारीख पेनाने लिहून देतो. ती चारच का घेते? महिन्याची पट्टी एकदम घ्यायला तिच्याकडे पैसे नसतात, आणि मधले दोन दिवस मग गोळीच नसते. कुठल्या तरी कंपनीत बसून पॅक दहाचा काढायचा की पंधराचा हे ठरवणारा माणूस तूच असशील कदाचित, तेव्हा ही आजी आठवू दे. गोळी दोन दिवस चुकली की बीपीचं काय होतं ते फार्माकोलॉजीत आहे आणि ती चुकते का ते मार्केटिंगमध्ये, तू दोन्ही एकाच बिल्डिंगमध्ये शिकतेयस.

बी.फार्म झालं की राज्याच्या फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मात्र करून घेच, नोकरी ऑफिसातली लागली तरी. 1948 च्या फार्मसी ॲक्टनुसार औषध हातात द्यायचा हक्क रजिस्टर्ड फार्मासिस्टलाच असतो, आणि तो हक्क तू कमावलेला असेल.

मेसचं जेवण आवडत नसेल तर सांग, आजीने शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीये, शनिवारच्या गाडीने पाठवतो. आणि दिवाळीला येताना तुझी ती इन्व्हेंटरीची वही आण. मी मागच्या दोन वर्षांची खरेदीची बिलं काढून ठेवतो, आपण दोघं बसून बघू कुठला माल किती दिवस पडून राहतो ते.

पप्पा