पोकरमध्ये भारी पत्ते लपवण्याचा सल्ला घातक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील पोकरविषयीच्या लेखात नवख्या खेळाडूंना असा सल्ला दिला आहे की, समोर सतत बोली वाढवणारा आक्रमक खेळाडू असेल तर एक्क्यांची किंवा राजांची जोडी येईपर्यंत थांबावे आणि ती आली की नुसता कॉल करत (म्हणजे बोली न वाढवता त्याच्याएवढीच रक्कम लावत) राहून त्याला सापळ्यात ओढावे. टेक्सास होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते असलेला पोकरचा प्रकार) बरीच वर्षे खेळत असल्यामुळे मला हा सल्ला दोन्ही अंगांनी चुकीचा वाटतो आणि त्याचा दुसरा भाग तर घातक वाटतो.

एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांतून एकदा येते आणि राजांचेही तेच. तोवर नुसते ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच आळीपाळीने भरावी लागणारी सक्तीची रक्कम) भरत बसलेल्या खेळाडूच्या चिप्स आक्रमक खेळाडू हळूहळू पोखरतो, आणि इतका वेळ गप्प असलेल्याने एकदम बोली वाढवली की तो निमूटपणे पत्ते टाकून देतो.

मुळात प्रतिस्पर्धी बदलला की ‘भारी हात’ (म्हणजे हातातले जोरदार पत्ते) कशाला म्हणायचे तेही बदलते. माझ्याकडे राण्यांची जोडी आहे असे समजा. जो फक्त एक्के, राजे, राण्या किंवा एक्का-राजा यांवरच बोली वाढवतो, त्याच्याकडे एक्क्यांच्या ६, राजांच्या ६, राण्यांची १ आणि एक्का-राजाच्या १६ अशा दोन पत्त्यांच्या एकूण २९ जुळण्या असू शकतात व त्यांतल्या १२ माझ्यापेक्षा सरस असतात. पण जो दहापैकी चार वेळा बोली वाढवतो, त्याच्याकडे शक्य असलेल्या १२२५ जुळण्यांपैकी साधारण ४९० येऊ शकतात, आणि सरस मात्र त्याच १२. म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांचा धोका अडीच टक्क्यांवर येतो. अशा वेळी राण्या, गुलाम, एक्का-राजा हे हात घेऊन बोली पुन्हा वाढवली नाही, तर त्याच्या कमकुवत पत्त्यांना आपण स्वस्तात फ्लॉप (टेबलावर एकत्र उघडले जाणारे पहिले तीन पत्ते) दाखवत राहतो.

सापळ्याची खरी किंमत इथेच मोजावी लागते. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. चार हातांसमोर हे प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास येते आणि आठ हातांसमोर जेमतेम ३५ टक्के उरते. मी स्वतः एकदा राजांची जोडी लपवण्यासाठी नुसता कॉल केला आणि माझ्यामागून आणखी तिघे डावात आले. फ्लॉपवर एक्का पडला, आणि त्या तिघांपैकी कोणाकडे एक्का आहे हे ओळखण्याचा कोणताही मार्ग मी स्वतःसाठी ठेवला नव्हता. राजे हातात असताना फ्लॉपवर एक्का येण्याची शक्यता जवळपास २३ टक्के असते, हे मला तेव्हाही माहीत होते. बोली वाढवून त्या तिघांना आधीच बाहेर काढणे माझ्या हातात होते. नुसता कॉल मला एकाच परिस्थितीत मान्य आहे: डावात फक्त तो आक्रमक खेळाडू उरलेला असावा आणि पुढच्या प्रत्येक फेरीत शेवटची चाल आपली असावी.

फ्लॉपनंतरचा भाग लेखात जवळजवळ नाहीच, आणि नवखे खेळाडू नेमके तिथेच डगमगतात. गुलामांची जोडी असेल तर ५७ टक्के वेळा फ्लॉपवर तिच्याहून वरचे एखादे पान येते. तेवढ्यावरून पत्ते टाकणाऱ्याला आक्रमक खेळाडू रोज लुटेल. त्याने पॉटच्या (डावात जमलेल्या एकूण रकमेच्या) निम्मी बोली लावली तर आपल्याला चारातून एकदाच जिंकायचे असते, पॉटएवढी लावली तर तिनातून एकदा, आणि जो हाती काही नसतानाही फ्लॉपपासूनच्या तिन्ही फेऱ्यांत बोली लावतो त्याच्यासमोर एका जोडीचे हे गणित बहुतेक वेळा जमते. मात्र सतत बोली लावणारा आणि दुसऱ्याच्या बोलीवर बोली वाढवणारा यांत फरक करायलाच हवा. पहिल्या प्रकारच्या खेळाडूने रिव्हरवर (टेबलावरचा पाचवा, शेवटचा पत्ता उघडल्यावर) आपल्या बोलीवर बोली वाढवली, तर आपली एक जोडी कितीही देखणी असली तरी मी ती टाकून देतो.

आपला विश्वासू,
एक वाचक