वारस कोण, असं विचारल्यावर मुलीचंही नाव घ्या

महोदय,
स.न.वि.वि.

माझे यजमान गेल्या वर्षी श्रावणात गेले. त्यांच्या नावावर एक रिव्हॉल्व्हर होतं. वेब्ली अँड स्कॉट, बत्तीस बोअर, बर्मिंगहॅमची बनावट, मूळचं माझ्या सासऱ्यांचं. ते ठेवायचं की विकायचं, या एका प्रश्नावर आमचं घर वर्षभर अडून बसलं होतं. आता निर्णय झाला आहे. या काळात जे सोसलं आणि जे शिकले, ते परवानाधारकांच्या घरांपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र. मी 67 वर्षांची निवृत्त शिक्षिका. शस्त्रातलं मला काही कळत नव्हतं, कळून घ्यावं लागलं.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर बोरामणीच्या पुढे आमचं गाव. तिथून निजामाची हद्द हाकेच्या अंतरावर होती. रझाकारांच्या धास्तीने पलीकडची माणसं बैलगाड्यांत धान्याची पोती, भांडी, म्हातारी-कोतारी घालून इकडे येत. सासऱ्यांनी 1947 साली जिल्ह्यातून परवाना काढून हे रिव्हॉल्व्हर घेतलं ते त्या दिवसांत. सासूबाई सांगायच्या की आमच्या ओसरीवर रोज रात्री अनोळखी लोक झोपलेले असत. मामंजी दाराशी बाजेवर बसून असायचे, कंदील वात कमी करून ठेवलेला, आणि रिव्हॉल्व्हर उशाला. माणसावर ते एकदाही चाललं नाही. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून निघालेलं लष्कर याच रस्त्याने नळदुर्गावर गेलं. चार दिवसांनी, 17 तारखेला निजाम शरण आला. सासूबाईंच्या लेखी मुक्तिसंग्राम म्हणजे ओसरी रिकामी झाली तो दिवस.

मला हे शस्त्र माहीत होतं ते खंडेनवमीपुरतं. पाटावर विळा, कोयता, माझ्या शिवणयंत्राची कात्री आणि शेवटी ते. पूजेआधी यजमान ते उघडून रिकामं असल्याची खात्री करत. घोड्याशेजारची कळ अंगठ्याने दाबली की अख्खी नळी पुढे झुकते, आणि चक्रीच्या मधून चांदणीसारखा एक तुकडा वर येऊन काडतुसं बाहेर ढकलतो. आत सहा रिकामी घरं दिसली की ते मला दाखवत, मग मुलीला, मगच पाटावर ठेवत. हळदकुंकू लोखंडाला लागू देत नसत. ओली हळद गंज धरते म्हणून खाली आपट्याचं पान आणि हळद त्या पानाला. बाकी वर्षभर ते सोलापुरी चादरीच्या एका तुकड्यात गुंडाळून कुलपात असे. काडतुसं वेगळ्या कपाटात, त्याची किल्ली वेगळी.

ते गेल्यावर पाचव्या दिवशी शेजारचे एक निवृत्त हवालदार भेटायला आले. उठताना हळूच म्हणाले, "अक्का, साहेबांचं हत्यार घरात आहे ना? आधी जमा करा. परवाना माणसाबरोबर संपतो." मला हे ठाऊकच नव्हतं. घरात सुतक, आणि कायद्याने बघितलं तर कपाटात विनापरवाना शस्त्र. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. त्याच दुपारी माझी मुलगी ते घेऊन ठाण्यात गेली. मीही बरोबर गेले. टेबलावर काडतुसं मोजली. एकोणीस भरली. दोन-तीनांच्या पितळेवर हिरवट डाग चढले होते. परवान्याच्या वहीतला आकडाही एकोणीसच निघाला, तेव्हा मुलीने माझा हात घट्ट धरला. वडिलांचा हिशेब चुकला नव्हता.

तेराव्याच्या आतच पहिला गिऱ्हाईक दारात. "वहिनी, कशाला कटकट, चाळीस हजार घ्या, कागदपत्रांचं मी बघतो." माझा मुलगा पुण्याला असतो. तोही म्हणाला, दे टाकून. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या घरी नऊ वर्षांचा नातू आहे, आणि वडिलांची धावपळ त्याने पाहिली आहे. 2024 साली लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुकीला, एका वर्षात दोनदा ते ठाण्यात जमा करावं लागलं होतं. बँकेच्या लॉकरमध्ये शस्त्र ठेवता येत नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण आहेच. हे सगळं ओझं खरं आहे, आणि ते सोडून द्यावंसं वाटणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही.

पण दोन महिन्यांनी दुसऱ्या एका परवानाधारकाने पावणेतीन लाख सांगितले, तेव्हा मी सावध झाले. चाळीस हजारांचे पावणेतीन लाख कसे होतात? विचारत गेले तेव्हा उलगडा झाला. सर्वसामान्य माणसासाठी परदेशी शस्त्रांची आयात 1980च्या दशकात बंद झाली. त्यामुळे त्याआधी देशात आलेल्या वेब्ली, कोल्ट वगैरेंचीच परवानाधारकांत देवाणघेवाण होत राहिली, आणि किंमत चढत गेली. आता वेब्लीची रिव्हॉल्व्हरं उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतात. म्हणजे ज्याला नुसतं चालणारं रिव्हॉल्व्हर हवं त्याला नवं मिळतं. आमच्यासारखं जुनं जो मागतो त्याला बर्मिंगहॅमचा शिक्का हवा असतो, मूळ रंग हवा असतो, आणि जुने कागद हवे असतात.

यातलं एक आम्ही आधीच घालवून बसलो होतो. यजमानांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारागिराकडे ते साफसफाईला दिलं. त्याने न विचारता घासून चकचकीत करून दिलं. नळीवरचा एक शिक्का निम्मा पुसला गेला. हा दुसरा गृहस्थ भिंग घेऊन आला होता. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि म्हणाला, हे झालं नसतं तर मी आणखी वर गेलो असतो. ज्यांच्या घरी जुनं शस्त्र आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तेल द्या, कोरड्या फडक्याने पुसा, पण पॉलिश करू नका. डाग असले तरी असू द्यात.

विकणंही चाळीस हजारवाला म्हणत होता तसं हातोहात होत नाही. घेणाऱ्याकडे परवाना हवा. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान 45 दिवस थांबायचं. हे कायद्यात लिहिलेलं आहे. "कागदपत्रांचं मी बघतो" म्हणणाऱ्याच्या हाती शस्त्र देणारा स्वतः गुन्ह्यात अडकतो.

पावणेतीन लाख माझ्यासारखीला थोडे नाहीत. तरी नाही म्हटलं. मी घेणाऱ्याचा परवाना बघू शकते, त्याचं मन नाही. वरातीत हवेत गोळ्या झाडणारे लोक आपण पाहतो. त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, तरी थांबलेलं नाही. घाबरून आलेली माणसं शांत झोपावीत म्हणून जे उशाला होतं, ते कुणाच्या वरातीत वाजावं हे मला सहन होणार नाही. दुसरं म्हणजे, आमच्याकडे 1947च्या परवान्याचे कागद आहेत, 1878च्या जुन्या कायद्याखालचे, मामंजींच्या मोडी वळणाच्या सहीचे. ती सही, ते शस्त्र, तो रस्ता, तेच घर. त्या गृहस्थाला जे दुर्मीळ वाटत होतं ते नळीवर होतं. मला जे दुर्मीळ वाटतं ते या चार गोष्टी एकत्र असण्यात आहे.

म्हणून मुलीच्या नावावर परवाना मागायचं ठरवलं. ती सोलापुरातच राहते, बँकेत अधिकारी आहे. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवलेली. मुलाने आनंदाने ना हरकत लिहून दिली. म्हणाला, ताईकडे असेल तर मला झोप लागेल.

आणि इथे मला जे खुपलं ते सांगते. अर्ज द्यायला गेलो त्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, "मुलगा नाही का?" आहे म्हटल्यावर, "मग त्याच्या नावाने करा ना." मुलगी समोर उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. दुसऱ्या फेरीला, "जावईबापूंना घेऊन या." तिसऱ्या फेरीला मी 2016च्या शस्त्र नियमांची प्रत घेऊन गेले आणि 25वा नियम वाचून दाखवला. वारसाला परवाना देता येतो, आणि मुलगी ही वारस आहे. तेव्हा अर्ज आत गेला. मी 34 वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं. हे वाचून दाखवावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

त्याच नियमात आणखी एक सोय आहे, जी आम्हाला वेळेवर कळली असती तर हे वर्ष वाचलं असतं. परवानाधारकाला 70 वर्षं पूर्ण झाली, किंवा शस्त्र त्याच्याकडे 25 वर्षं राहिलं, तर तो हयातीतच वारसाचं नाव देऊन शस्त्र त्याच्याकडे सोपवू शकतो. माझे यजमान 74 वर्षांचे होते. शस्त्र 1979 पासून त्यांच्या नावावर. दोन्ही अटी केव्हाच पुऱ्या झाल्या होत्या. मुलीला ते घोड्याशेजारची कळ कशी दाबायची ते शिकवत, पण कागद करायचं आमच्या कुणाच्याच मनात आलं नाही. आपल्या वाचकांत जे ज्येष्ठ परवानाधारक असतील त्यांनी बायकोमुलांना समोर बसवून हे ठरवावं. विकायचं ठरलं तरी तुमच्या सहीने विका. मागे राहिलेल्या बाईला तेराव्याच्या गर्दीत भाव करायला लावू नका.

प्रशासनाला एवढीच विनंती की परवानाधारक वारला तर घरच्यांनी शस्त्र कुठे जमा करायचं, अर्ज कोणी करायचा, विकायचं असल्यास किती दिवस थांबायचं, हे शुद्ध मराठीत एका फलकावर लिहून प्रत्येक ठाण्यात दर्शनी लावावं. आम्हाला हवालदारसाहेब भेटले. ते सगळ्यांच्या शेजारी राहत नाहीत.

मुलीची पोलीस पडताळणी झाली आहे. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला मिळाला आहे. रिव्हॉल्व्हर अजून जमाच आहे. खंडेनवमीपर्यंत मिळालं तर पाटावर तेच ठेवू. नाही तर आपट्याच्या पानावर जमा केल्याची पावती ठेवीन. पुढच्या तारखेला आम्ही दोघी येणार आहोत. अर्जदार माझी मुलगी आहे. खिडकीवरून हाक तिच्या नावाने यावी.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर