वरच्या बांधावरचा दोर

सातारा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत तुझ्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या सरावासाठी तुला कुठं मैदान शोधत फिरायला नको. आपल्या परसातल्या उतारावरच मी अडथळ्यांचा फेरा तयार केलाय. मागं फोनवर तू म्हणालीस, "बाबा, जिममध्ये दोर सहज चढते, पण शर्यतीत हात सुटतात." ते माझ्या डोक्यातून जाईना. जिममध्ये तू ताजीतवानी असताना दोर धरतेस, शर्यतीत तो ऐन धापेत समोर येतो. म्हणून दोर अंगणात न बांधता वरच्या बांधावरच्या आंब्याला बांधलाय. गोठ्यापासून तिथवर पळत चढायचं आणि धाप कमी व्हायच्या आत दोर धरायचा. खाली भाताचा पेंढा जाड अंथरलाय.

आणि दोर नुसत्या हातांनी चढू नकोस. फौजेत आमच्याकडून हे घोटून घेतलं होतं. गुडघे छातीशी आणायचे, दोर मांडीच्या बाहेरून एका बुटाखाली घ्यायचा, दुसऱ्या बुटानं तो वरून दाबून धरायचा आणि मग पायांवर उभं राहायचं. अंग वर उचलायचं ते पायांनी, हातांनी फक्त धरून ठेवायचं. उतरताना घसरत येऊ नकोस, काथ्या तळहाताची सालटी काढतो.

मधल्या तालीवर बाभळीचा ओंडका आडवा पक्का बसवलाय. उंची मोजून 76 सेंटीमीटर, बायकांच्या स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीला असते तेवढीच. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये असेच अडथळे ओलांडत अंतिम फेरीत गेली. प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून गेली. 3000 मीटरमध्ये 28 अडथळे, शिवाय 7 वेळा पाण्यावरची उडी! हर्डल धक्का लागला की पडतो, हा अडथळा जागचा हलत नाही. तेव्हा दमलेली असशील तर त्यावर पाय ठेवून ओलांड, त्यात कमीपणा काही नाही.

माझा खरा जीव अडकलाय तो उतारात. यवतेश्वरचा घाट चढताना सगळे जपून चढतात आणि उतरताना सुसाट सुटतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच सगळं वजन झेलतात, म्हणून चढापेक्षा उतारानंच पाय जास्त धरतात, तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पावलं आखूड टाक, गुडघा किंचित वाकलेला ठेव, टाच आपटू नकोस. पोत्यात वाळू पंधरा किलोच भरलीय. ते खांद्यावर घेऊन चढायचं आणि आधी काही दिवस रिकाम्या अंगानं उतरायचं. पाय एकदा दुखून बरे झाले की पुढच्या खेपेला तेवढे दुखत नाहीत. मगच पोतं घेऊन उतर.

आत्या विचारत होती, पोरीला चिखलात लोळायची हौस कशाला? मी सांगितलं, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतून घोडेस्वारी काढली आणि तिथं अडथळ्यांची शर्यत आणली. तिला ते पटलं असावं, कारण जाताना तुझ्यासाठी मेथीचे लाडू करून आणते म्हणाली. तू ऑलिंपिकला जावंस म्हणून मी हा खटाटोप केलेला नाही, बाळा. ज्या गोष्टीत तुझा जीव रमतो, ती तू नीट शिकून, हातपाय शाबूत ठेवून करावीस, एवढंच मला वाटतं.

येताना तळाला खोल खाचा असलेले बूट आण, ओल्या मुरमावर साधा बूट सरकतो. भिंत अजून उभी केलेली नाही. तुझ्या शर्यतीत ती सहा फुटी असते की आठ, ते कळव. फळ्या आणून ठेवल्यात, त्याच मापाची ठोकतो.

तुझे
बाबा