सामासिक विशेषणांतील आघात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी उच्चारांविषयीच्या मराठी लेखनात सुट्या शब्दांचे उच्चार काळजीपूर्वक दिलेले असतात. मात्र सामासिक विशेषणांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कोठे पडतो, याचा उल्लेख क्वचितच आढळतो, म्हणून हे पत्र.

'ब्लॅकबोर्ड'सारख्या सामासिक नामात आघात पहिल्या पदावर असतो आणि तोच नियम विशेषणांना सरसकट लावला की चूक होते. 'बॅड-टेम्पर्ड' हे विशेषण वाक्याच्या शेवटी आले, तर मुख्य आघात 'टेम्'वर पडतो. तेच 'बॅड-टेम्पर्ड टीचर' असे नामाच्या आधी आले, की तो मागे सरकून 'बॅड'वर जातो, कारण दोन जोरकस आघात फार जवळ आलेले इंग्रजीच्या लयीला मानवत नाहीत. 'थर्टीन' एकटे म्हणताना 'टीन'वर आणि 'थर्टीन मेन' म्हणताना 'थर्'वर जोर येतो, तोही याच लयीमुळे. 'होमसिक', 'सीसिक' यांत मात्र आघात पहिले पद सोडत नाही. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नसल्यामुळे हे सरकणे आपल्या कानाला सहसा जाणवत नाही. ते शिकवावेच लागते.

घडणीविषयीचा गैरसमज मला त्याहून अधिक खटकतो. 'ब्लू-आइड'मधील शेवटचा '-ed' हा प्रत्यय भूतकाळाचा आहे, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात. परंतु येथे क्रियापदच नाही. 'ब्लू आय' या जोडीला 'असलेला' या अर्थाचा प्रत्यय लागला आहे, जसा आपल्या 'दुतोंडी' शब्दात दोन तोंडांना 'ई' लागतो. 'टू-फेस्ड' तर घडणीने आणि अर्थानेही 'दुतोंडी'चा जुळा भाऊच! बहुव्रीही समास शिकलेल्या मुलाला हे एका वाक्यात समजेल. हा प्रत्यय 'ट' किंवा 'ड' या ध्वनींनंतर आला, तरच त्याचे वेगळे अक्षर होते, म्हणून 'लेफ्ट-हँडेड'मध्ये उच्चाराची तीन अक्षरे आणि 'ब्लू-आइड'मध्ये दोनच. 'थ्री-लेगेड'सारखा एखादा शब्द अपवाद.

आपल्या दैनिकात असे शब्द देताना आघाताचे अक्षर ठळक छापावे आणि तेच विशेषण नामाच्या आधी व वाक्याच्या शेवटी, अशा दोन्ही जागी दाखवावे, ही विनंती.

आपला,
इंग्रजी शिकवणारा एक वाचक