वापरातील फाइली ‘अनावश्यक’ ठरवून पुसल्याबाबत तक्रार

दि. १२ मे २०२५
नाशिक

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: संकेतस्थळावरील ६१२ फाइली पूर्वसूचनेशिवाय पुसल्या जाणे आणि बॅकअपची मुदत न पाळणे

महोदय,

नाशिकच्या भांडी बाजारात माझे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. दुकानाचे संकेतस्थळ चार वर्षांपासून आपल्या सर्व्हरवर असून होस्टिंग, देखभाल आणि ‘मीडिया व्यवस्थापन’ यांसाठी मी दरवर्षी बारा हजार रुपये अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६० रुपये आगाऊ भरत आलो आहे. गेल्या महिन्यात, २२ एप्रिलच्या रात्री, आपल्या यंत्रणेने या संकेतस्थळाची परस्पर साफसफाई केली. अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर होती आणि लग्नसराईमुळे रुखवताच्या भांड्यांची चौकशी रोज येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सिन्नरच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून ‘समयांचे पान कोरे का दिसते’ असे विचारले, तेव्हा हा प्रकार मला समजला.

त्याच सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी मी आपल्याकडे लेखी तक्रार नोंदवली आणि बॅकअपमधून फाइली परत आणाव्यात, असे स्पष्ट लिहिले. त्यावर ‘आपली विनंती प्रक्रियेत आहे’ हे एकच उत्तर मला तीनदा आले. अखेर २ मे रोजी आपल्या प्रतिनिधीने कळवले की वापरात नसलेल्या फाइली हटवून माझ्यासाठी १.९ जीबी जागा मोकळी करण्यात आली असून, बॅकअप सात दिवसांचाच ठेवला जात असल्याने आता काही करता येणार नाही. सेवा घेताना आपण दिलेल्या माहितीपत्रकात ‘दररोज बॅकअप, ३० दिवस जतन’ असे छापलेले आहे. ते क्षणभर बाजूला ठेवले आणि सात दिवसांचा हिशोब धरला, तरी मी तक्रार केली त्या दिवशी आदल्या दिवसांच्या प्रती आपल्याकडे शाबूत असणारच. माझी तक्रार ‘प्रक्रियेत’ असतानाच त्या प्रती एकेक करून पुसल्या गेल्या, आणि मूळ चुकीपेक्षा ही दिरंगाई मला अधिक गंभीर वाटते.

आता या फाइली ‘वापरात नव्हत्या’ या आपल्या म्हणण्याविषयी. माझी पुतणी संगणकशास्त्र शिकते. तिने उरलेल्या फाइलींची यादी जुन्या यादीशी ताडून पाहिली, तेव्हा पुसलेल्या ६१२ पैकी ५८७ फाइलींची नावे देवनागरीत असल्याचे आढळले. कॅमेऱ्याने दिलेल्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या नावांच्या फाइली जवळपास सगळ्या सुरक्षित आहेत. याचे कारण तिने मला कागदावर मांडून दाखवले. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात त्याची टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे होतात. ‘तांब्या’ या शब्दात काना, अनुस्वार आणि हलन्त धरून सात चिन्हे आहेत, म्हणजे पत्त्यात तो त्रेसष्ट चिन्हांचा होतो. आमच्या पानांत छायाचित्रांचे पत्ते याच लांबलचक रूपात साठवलेले आहेत. आपल्या साफसफाईच्या साधनाने मात्र पानांमध्ये ‘तांब्या’ हा शब्द जसाच्या तसा शोधला असावा, तो न सापडल्याने फाइल बिनकामाची ठरवली असावी आणि पुसली असावी. हा आमचा तर्क आहे. तो चूक असेल तर खरे कारण आपण लेखी कळवावे. नावे मराठीत देण्याचा हट्ट माझा नव्हता, हेही येथे नमूद करतो. ‘प्रत्येक फाइलला तिची ओळख पटेल असे नाव द्या’ ही सूचना संकेतस्थळ सुरू करताना आपल्याच माणसाने आम्हाला केली होती आणि आमच्या दुकानात मालाची ओळख मराठीतच पटते.

उरलेल्या २५ फाइलींची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात दरपत्रकाच्या पीडीएफ आहेत. त्यांचा दुवा संकेतस्थळाच्या कोणत्याही पानावर नाही, कारण त्यांचा क्यूआर कोड आमच्या बिलाच्या पाठीमागे छापलेला आहे आणि दुवा व्हॉट्सअ‍ॅपवरून शेकडो गिऱ्हाइकांकडे गेलेला आहे. आज तो कोड स्कॅन केला की ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, असा आकडा दिसतो. पानावर उल्लेख सापडला नाही, एवढ्यावरून एखादी फाइल कोणी वापरत नाही असे ठरत नाही. ती किती वेळा उघडली गेली हे सर्व्हरच्या नोंदवहीत दिसते, आणि ती नोंदवही आपल्याच ताब्यात आहे. पुसण्याआधी ती एकदा पाहिली असती, तर एप्रिल महिन्यात दरपत्रक रोज उघडले जात होते हे आपल्याला कळले असते.

आमच्या धंद्यातही जुनी भांडी मोडीत निघतात. गिऱ्हाईक घंगाळ किंवा हंडा मोडीला घेऊन आले की आम्ही ते त्याच्यासमोर तोलतो, वजन वहीत लिहितो आणि भांड्यावर घातलेले नाव मोठ्याने वाचून दाखवतो, कारण कधी ते आजीच्या लग्नातले निघते आणि माणूस ते परत घरी नेतो. आपण माझ्या ६१२ वस्तू एका रात्रीत मोडीत काढल्या, पण त्यांची यादीही मला दिली नाही. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीत, मीडिया विभागात कचरापेटीची सोय मुळात बंदच असते आणि तेथून काढलेली फाइल थेट कायमची जाते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. म्हणूनच संशयित फाइली आधी वेगळ्या कप्प्यात हलवून, यादी ग्राहकाला पाठवून, काही आठवडे थांबणे आपल्याला अवघड नव्हते.

आमच्या छायाचित्रकाराच्या हार्ड डिस्कवर ३७१ छायाचित्रे सापडली आणि ती आम्ही पुन्हा चढवली. एवढ्याने काम संपले असे कोणाला वाटेल, पण फाइल पुसली की तिच्यासोबतची नोंदही जाते. प्रत्येक भांड्याखाली वजन, उंची, ते ओतीव आहे की ठोक्याचे, आतून कल्हई आहे की नाही, अशी माहिती आम्ही चार वर्षे बसून भरली होती, ती सगळी गेली. नव्याने चढवलेल्या फाइलीला नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे पानांवरची जुनी जागा आपोआप भरत नाही. माझी पत्नी आणि पुतणी गेले दहा दिवस दुकान बंद झाल्यावर रोज रात्री हेच काम करीत आहेत.

राहिलेल्या २४१ फाइलींपैकी एक मला स्वतंत्रपणे नमूद केली पाहिजे. १९६९च्या महापुरात गोदावरीचे पाणी आमच्या बाजारात शिरले, तेव्हाचे दुकानाचे छायाचित्र आमच्या ‘दुकानाविषयी’ या पानावर होते. मूळ छापील प्रत २०१६च्या पुरात भिजून खराब झाली. त्याआधी केलेले स्कॅन संकेतस्थळावर होते आणि त्याची दुसरी प्रत ठेवली नाही ही माझी चूक मी मान्य करतो. आपल्या साधनाने मोठी फाइल पुसली, पण सर्व्हरने तिच्यापासून आपोआप बनवलेली दीडशे बाय दीडशे पिक्सेलची चौकोनी आवृत्ती मात्र एका फोल्डरमध्ये राहून गेली. ही आवृत्ती चित्राचा मधला भाग ठेवून दोन्ही बाजू कापते. त्यामुळे तिच्यात पाणी आहे, अर्धी बुडालेली पाटी आहे, वर टांगलेल्या कळशा आहेत. डाव्या कडेला पायरीवर उभे असलेले माझे वडील नाहीत.

माझ्या मागण्या अशा आहेत. पुसलेल्या सर्व फाइलींची मूळ नाव, आकार, चढवल्याची तारीख आणि पुसण्याचे कारण यांसह यादी मला पंधरा दिवसांत मिळावी. आपल्या जुन्या सर्व्हरवर, स्थलांतराच्या वेळी घेतलेल्या प्रतींत किंवा अन्य कोठेही या फाइली आहेत का, याचा शोध जबाबदार अभियंत्याकडून घेऊन त्याचे निष्कर्ष लेखी द्यावेत. वरील छायाचित्राचा शोध सर्वांत आधी घ्यावा. दरपत्रकाचे जुने पत्ते नव्या फाइलींकडे वळवावेत, म्हणजे छापलेली बिले वाया जाणार नाहीत. माझ्या लेखी संमतीशिवाय यापुढे एकही फाइल हटवू नये. चालू वर्षाचे पूर्ण शुल्क परत करावे. वाया गेलेल्या हंगामाचा आकडा मी येथे लिहीत नाही, कारण किती गिऱ्हाइके कोरे पान पाहून परत गेली हे मला सिद्ध करता येणार नाही.

या मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. मी व्यापारी असल्याने ग्राहक ठरत नाही, असा मुद्दा आपल्या प्रतिनिधीने फोनवर काढला होता. हे दुकान मी केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून, स्वतः गल्ल्यावर बसून चालवतो, म्हणून तो मुद्दा मला मान्य नाही.

कळावे,

आपला ग्राहक,
तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकानदार,
भांडी बाजार, नाशिक

सोबत: शुल्काची पावती, माहितीपत्रकाची प्रत, २३ एप्रिल ते २ मे या काळातील पत्रव्यवहार, ६१२ फाइलींची आम्ही केलेली यादी आणि उरलेल्या चौकोनी चित्राची छापील प्रत.