प्रोस्टेटचा कर्करोग आणि माजी सैनिकांची अपिले: नकाराचे कारण लिहिले जावे

मा. संपादक,

लष्करातून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून मोहोळ, माढा, करमाळा, बार्शी या भागांतील माजी सैनिकांचे पेन्शनचे अर्ज आणि अपिले लिहून देण्याचे काम मी करीत आलो आहे. त्यांपैकी प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या प्रकरणांत सैनिकांवर जो अन्याय होतो, तो मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा आजार बहुधा पन्नाशीनंतर होतो. जवान मात्र चाळिशीच्या आसपास घरी परततो, त्यामुळे या आजाराचा आणि नोकरीचा संबंध येणार कसा, असे वाचकांना वाटेल. तो येतो, कारण निवृत्त जवानांपैकी अनेकजण डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डीएससीत, पुन्हा भरती होतात आणि पन्नाशी उलटल्यानंतरही शस्त्रागारांवर, दारूगोळ्याच्या कोठारांवर पहारा देतात. माझे एक स्नेही असेच दुसऱ्यांदा गणवेशात गेले. पुनर्भरतीच्या वेळी त्यांची पूर्ण वैद्यकीय तपासणी होऊन ते ‘शेप वन’, म्हणजे पूर्णपणे तंदुरुस्त, ठरले होते. पुढे रात्रीच्या ड्यूटीवर लघवीचा त्रास सुरू झाला, रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटच्या आजारात वाढणारा घटक) वाढलेला निघाला आणि बायोप्सीत कर्करोग आढळला. सेवामुक्तीपूर्वीच्या वैद्यकीय मंडळाने अपंगत्वाची टक्केवारी लिहिली, परंतु पुढच्याच रकान्यात हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, असा शेरा मारला. इंग्रजी आद्याक्षरांवरून फौजेत या शेऱ्याला ‘नाना’ म्हणतात. कारणाच्या जागी आजार शरीरप्रकृतीशी निगडित आहे, एवढेच एक वाक्य होते. त्या एका वाक्यावर त्यांचा अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा नामंजूर झाला.

धर्मवीर सिंह विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे त्याच आजारामुळे सैनिक सेवेबाहेर पडला असेल, तर आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे, शंकेचा फायदा सैनिकाला द्यावा, आणि वैद्यकीय मंडळाचे मत वेगळे असल्यास मंडळाने त्याची कारणे लेखी द्यावीत. ‘शरीरप्रकृतीशी निगडित’ हे शब्द कारण ठरत नाहीत. आजाराचे नाव बदलले तरी तेच शब्द तसेच्या तसे वापरता येतात, हे मी अनेक फायलींत पाहिले आहे.

प्रोस्टेटचा कर्करोग वयोमानाने आणि आनुवंशिकतेने होतो, मग त्याचा भार सरकारने का उचलावा, असे काही डॉक्टर विचारतात. त्यांचे म्हणणे मी हलक्यात घेत नाही. एखाद्या विशिष्ट माणसाला हा कर्करोग नेमका कशामुळे झाला, हे सांगणारी कोणतीही चाचणी नाही. परंतु ही अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखीच आहे. सेवेमुळे झाला असे सैनिक सिद्ध करू शकत नाही, तसेच सेवेमुळे झाला नाही हे मंडळही सिद्ध करू शकत नाही. अशा वेळी शंका कोणाच्या पारड्यात टाकायची, हे कायद्याने ठरवायचे असते. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातील सैनिकांचा ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाशी संबंध आला होता. तेथे १९९६ पासून प्रोस्टेटचा कर्करोग सेवेमुळे झाल्याचे गृहीत धरावयाच्या आजारांच्या यादीत आहे आणि त्या सैनिकाला कार्यकारणभाव सिद्ध करावा लागत नाही. कर्करोग सक्रिय असेपर्यंत अपंगत्व शंभर टक्के धरले जाते आणि उपचार संपल्यानंतर सहा महिन्यांनी फेरतपासणी करून लघवीवरील ताबा सुटणे यांसारख्या उरलेल्या त्रासांनुसार टक्केवारी ठरते. आपल्या जवानांचा त्या रसायनाशी संबंध आला नव्हता, त्यामुळे ती यादी जशीच्या तशी येथे लागू करा, असे मी म्हणत नाही. उपचारानंतर मागे राहणारा त्रासही अपंगत्वच आहे, ही दृष्टी मात्र आपल्याकडेही हवी.

नकारानंतर पहिले अपील सहा महिन्यांत करायचे, ते फेटाळले गेले तर दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जायचे. रेडिएशन घेतलेल्या, दर तासाला लघवीला जावे लागणाऱ्या माणसाने सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी वकिलासमोर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परतायचे, याचा विचार नकाराचे एक वाक्य लिहिणाऱ्याने करायला हवा. अनेकजण पहिल्या नकारालाच अंतिम निर्णय समजून गप्प बसतात. ते पत्र इंग्रजीत असते आणि त्यातील अपिलाच्या मुदतीचे वाक्य घरात कोणालाच उलगडत नाही.

बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, म्हणजे कर्करोगाची शिस्तीने नोंद ठेवणे या जिल्ह्याला नवे नाही. तीच शिस्त सैनिकाच्या फायलीतही दिसावी. वैद्यकीय मंडळाने नकार देताना त्या सैनिकाच्या तपासण्या, नेमणुकीची ठिकाणे आणि लक्षणे पहिल्यांदा दिसल्याची तारीख यांचा उल्लेख करून कारण लिहावे. तसे कारण नसेल, तर अपील समितीने त्याच टप्प्यावर प्रकरण मंडळाकडे परत पाठवावे, न्यायाधिकरणाची वाट पाहू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने नकाराच्या पत्राचा अर्थ आणि अपिलाची शेवटची तारीख मराठीत लिहून देण्याची सोय करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्यांच्या घरी असे पत्र आले आहे, त्यांनी वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मागून घ्यावी, बायोप्सीचा अहवाल आणि सेवाकाळातील सर्व पीएसए अहवाल एकत्र ठेवावेत, आणि पुनर्भरतीच्या वेळचा ‘शेप वन’चा कागद मुळीच गहाळ होऊ देऊ नये. माझ्या स्नेह्यांच्या दुसऱ्या अपिलात आम्ही तोच कागद सर्वांत वर लावला आहे.

एक माजी हवालदार, जुळे सोलापूर