मॉर्फिन, कॅल्शियम आणि मोबाइलवरचा सल्ला

माझ्या वडिलांना कर्करोगाच्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. परवा एका नातेवाइकांनी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला : ‘कॅल्शियममुळे मॉर्फिन लागू पडत नाही.’ झालं! आईने गोळ्यांच्या डबीतून कॅल्शियमची जाडजूड पांढरी गोळी तत्काळ काढून टाकली. रात्रीचं दूधही बंद.

त्या मजकुरात तथ्य आहे, पण अर्धंच. मॉर्फिन चेतापेशीला चिकटलं, की कॅल्शियम आत घेणारी तिची दारं मिटू लागतात. कॅल्शियम आत गेलं नाही, की वेदनेचा निरोप पुढे नेणारी रसायनं कमी सुटतात. १९६० आणि ७०च्या दशकांतील प्रयोगांत उंदरांच्या मेंदूत कॅल्शियम टोचल्यावर मॉर्फिनचा परिणाम घटलेला दिसला होता. पण टोचलं होतं ते थेट मेंदूत! पेलाभर दुधातलं कॅल्शियम तसं मेंदूत जाऊन बसत नाही. तिथली पातळी शरीर फार काटेकोरपणे राखतं. चेतापेशीच्या याच दारांना कुलूप घालणारं झिकोनोटाइड हे वेदनाशामक औषध समुद्री शंखगोगलगायीच्या विषावरून घडवलं आहे. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली.

कर्करोगात कधी कधी रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि कॅल्शियमची गोळी थांबवावी लागते, हे खरं. पण ते रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवायचं. आमच्याकडे तपासणीनंतर गोळी पुन्हा सुरू झाली. मॉर्फिनने हमखास होणाऱ्या बद्धकोष्ठाबद्दल मात्र अजून एकाही नातेवाइकाचा मेसेज आलेला नाही.

– एक वाचक, सातारा